रजिस्टरातली नावं



प्रत्येकाने तीन मिनिटांत आपली अठ्ठावीस वर्षं सांगायची असं ठरलंय. माझी एका मिनिटात होतात. १९९७ ला आपण दहावी झालो. २००३ ला मी सांगलीच्या वालचंदमधून इंजिनीअर झाले, तेव्हापासून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. एक मुलगा, यंदा दहावीला. गुडघे कुरकुरायला लागलेत, चष्मा तर तेव्हाही होता. झालं.

उरलेल्या वेळात दुसरंच सांगते. मेळाव्यासाठी सगळ्यांना शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी 'कॉम्प्युटरवाली'. आपल्या तुकडीत ३१ मुलगे आणि २७ मुली. मुलग्यांचे नंबर आठ दिवसांत मिळाले. ज्या नावाने हजेरी व्हायची त्याच नावाने ते अजून आहेत. दुकानाच्या पाटीवर, फेसबुकवर, सातबारावर. मुलींना साडेचार महिने लागले.

आमच्या कामात एक साधा नियम असतो. ज्यावरून नोंद शोधायची, ती गोष्ट बदलायची नाही. इथे मुलीच्या नावात शब्द तीन. लग्नात वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, आणि ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की कित्येकींचा तिसरा शब्दही जातो. मग शोधायचं कशावरून? कॉम्प्युटरने हात टेकले. कामाला आलं ते शाळेचं जनरल रजिस्टर आणि आपल्या शिपाईमामांची स्मरणशक्ती. कुणाचा भाऊ मंडईत भेटला, कुणाची वहिनी दवाखान्यात.

एकीसाठी मी गावच्या जत्रेपर्यंत थांबले. जत्रेला माहेरवाशीण येतेच. देवळापाशी तिला शाळेतल्या नावाने हाक मारली, तर तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसऱ्या हाकेला थांबली. म्हणाली, "या नावानं फक्त आई बोलवायची गं. तिला जाऊन तीन वर्षं झाली."

मेळाव्याचं सांगितलं तर म्हणाली, "मी येऊन काय सांगू? तुम्ही सगळ्या शिकलेल्या."

हे तिला विचारूनच सांगतेय. भूमितीची प्रमेयं मला मधल्या सुट्टीत तिने समजावली. बोर्डात गणितात तिला माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त होते. निकाल लागला तेव्हा ती सासरी होती. वय सोळा. कायदा तेव्हाही अठराचाच होता. मी इंजिनीअर झाले यात माझे कष्ट आहेतच, पण माझ्या वडिलांनी मला घाईने उजवलं नाही, हे त्याआधीचं. आज ती गावातल्या बचत गटाचे हिशेब बघते. बँकेने जास्त लावलेलं व्याज तिने बोट ठेवून दाखवलं आणि परत मिळवलं. हे मला तिच्या जावेने सांगितलं, तिने नाही.

ती आलीय. तिसऱ्या रांगेत बसलीय. बाई, तुम्ही तिला ओळखलंत, ते मी मघाशी पाहिलं.

सगळ्यांच्या बिल्ल्यांवर वर शाळेतलं नाव आहे आणि खाली आताचं. हाक वरच्या नावाने मारा.

तिघींचा पत्ता अजून लागलेला नाही. त्यांची रजिस्टरातली नावं दाराजवळच्या फळ्यावर लिहिलीत. चहाला जाताना वाचा. कुणाचा भाऊ, मामा, जुने शेजारी, काहीही आठवलं तर सांगा. मी तिथेच वही घेऊन बसतेय.