लेकराच्या डोळ्यांची मुदत
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकवाला. निम्मी नोकरी लातुरात झाली, निम्मी आपल्या नांदेडात. बँकेत हप्त्याची मुदत चुकली तर दंड भरून भागतं. लेकराच्या डोळ्यांची मुदत चुकली तर भागत नाही, एवढंच सांगायला उभा आहे.

मोतीबिंदू म्हटलं की आपल्याला म्हातारी माणसं आठवतात आणि लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने आठवतात. पण मोतीबिंदू जन्मतःही असतो. म्हाताऱ्याचं ऑपरेशन सहा महिने लांबलं तरी बहुधा नजर येते. तान्ह्या बाळाचं तसं नाही. पाहायला मेंदू शिकतो. ते वय निघून गेलं की ऑपरेशन होऊनही नजर पुरती येत नाही. म्हणून बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. कधीकधी तो डोळ्याचा कॅन्सरही असतो. तिरळेपणा ‘नशीबवान’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

दुसरी मुदत ३० दिवसांची. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं किंवा वजन २ किलोपेक्षा कमी भरलं, तर डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात. त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढतात. बाहेरून काही दिसत नाही.

माझी नात सातव्या महिन्यात झाली, १४०० ग्रॅमची. मी अडून बसलो, “सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतीण उंबरठा ओलांडणार नाहीत.” सूनबाईनं ऐकलं नाही. सव्विसाव्या दिवशी तपासणीला नेलं आणि त्याच आठवड्यात हैदराबादला लेसर झालं. माझा सव्वा महिना पाळला असता तर? मघाशी नाचात चष्मा सावरणारी मुलगी पाहिलीत ना, ती हीच.

तिसरी मुदत ‘अ’ जीवनसत्त्वाची. ते कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडं पडून फुटतं. पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा दीड वर्षाला, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ. सरकारी दवाखान्यात, अंगणवाडीत फुकट मिळतात. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बायांना, समोरच्या बांधकामावरच्या मजुरांनाही हे सांगा.

लेकरू “मला दिसत नाही” असं म्हणत नाही. त्याला वाटतं, जग असंच असतं. बघायचं आपणच, आणि मुदतीत.