क्षयजंतूची निद्रा

दिल्लीत यमुनेच्या पूर्वतीरी मयूर विहार नावाची वसाहत आहे. हिवाळ्यात धुके दाटले की घरोघरी दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात आणि एकाच खोलीतील पाचसहा माणसे तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेतात. अशा कोंदट हवेतूनच क्षयाचा जंतू एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो. मात्र तो शिरला म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. जगातील सुमारे एकचतुर्थांश लोकांना त्याची लागण झालेली असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. परंतु त्यांपैकी शेकडा पाच ते दहा जणांनाच पुढे केव्हातरी प्रत्यक्ष क्षय होतो. इतरांपैकी पुष्कळांच्या ठायी हा जंतू निजून राहतो. निजावे केव्हा, हे त्याला कोण सांगते?

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिन येथे या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच फेब्रुवारी 1887 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास क्षयाने निवर्तल्या. त्यांचे वय अवघे एकवीस होते. शत्रू ओळखता आला होता, पण त्याचा स्वभाव कळायचा होता.

जंतू म्हणजे एकच पेशी. तिला ना डोळे, ना मेंदू. तरीही भोवतालची खबर तिला ठेवावीच लागते. याकरिता अनेक जंतूंपाशी प्रथिनांच्या जोड्या असतात. एक प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते, दुसरे कारभाऱ्याचे. बाहेर फरक पडला की पहारेकरी स्वतःवर फॉस्फेटचा एक कण चढवून घेतो आणि तो कारभाऱ्याच्या हाती देतो. ती मुद्रा मिळताच कारभारी जनुकांच्या दप्तरात जाऊन काही पाने उघडतो.

क्षयजंतूतील अशा एका महत्त्वाच्या जोडीचा शोध दिल्लीतच लागला. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जया त्यागी व त्यांचे सहकारी यांनी क्षयजंतूचा रोगकारक वाण आणि निरुपद्रवी वाण यांची तुलना केली. रोगकारक वाणात जी जनुके अधिक कार्यरत दिसली, ती त्यांनी 1993 साली प्रसिद्ध केली. त्यांतूनच पुढे 2000 साली ‘डेव्ह-आर’ व ‘डेव्ह-एस’ या जोडीचे वर्णन झाले. ‘एस’ हा पहारेकरी, ‘आर’ हा कारभारी. आपल्या रक्ताला तांबडेपणा देणारे लोहयुक्त हीम या पहारेकऱ्याच्या ठायीही असते, आणि त्याच्याच योगे तो हवेची परीक्षा करतो. प्राणवायू विपुल असेतोवर तो स्वस्थ असतो.

आता शरीराकडे पाहा. आपल्या रक्षक पेशी जंतूंभोवती गराडा घालून गाठ तयार करतात. गाठीच्या आत प्राणवायू कमी होतो. शिवाय या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायूही सोडतात. या दोन्ही खुणा पहारेकऱ्यास कळतात, आणि सुमारे 48 जनुके एकदम कामाला लागतात. जंतूची वाढ थांबते आणि तो तग धरून राहतो. प्रयोगशाळेत असे आढळले आहे की, प्राणवायू एकाएकी तोडला तर हे जंतू मरतात, पण हळूहळू कमी केला तर दीर्घकाळ जगतात. तयारीला मिळालेली ही सवडच त्यांना वाचवते.

रोग्याच्या दृष्टीने या निद्रेचा अर्थ फार गंभीर आहे. आयसोनियाझिडसारखे औषध वाढणाऱ्या जंतूंचे कवच बनू देत नाही. जो वाढतच नाही, त्याच्यावर ते फारसे चालत नाही. म्हणूनच अनेक औषधे एकत्र आणि साधारणपणे सहा महिने घ्यावी लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगी मांस धरू लागते, आणि घरातले वडीलधारे म्हणतात, “आता पुरे झाले औषध.” नेमक्या त्या वेळी जागते जंतू बव्हंशी मेलेले असतात, पण मंदावलेले शिल्लक असू शकतात. औषध सोडले तर ते पुन्हा उठतात, आणि अर्धवट उपचाराने कित्येकदा औषधाला न जुमानणारेही निपजतात.

श्रोतेहो, या पहारेकऱ्याला बधिर करणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. ती हाती येईपर्यंत आपल्यापाशी उपाय आहेत ते साधेच: घरात हवा खेळती ठेवणे, आणि बरे वाटू लागले तरी वैद्यांनी सांगितलेल्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध न सोडणे. जंतू धीर धरून बसतो. त्याच्याहून अधिक धीर आपण धरला पाहिजे.