देहोपस्थिती : ताबा कुणाचा, कुणावर?



‘हेबिअस कॉर्पस’ या लॅटिन शब्दांत ‘कॉर्पस’ म्हणजे देह आणि ‘हेबिअस’ म्हणजे तुझ्यापाशी असू दे. हा हुकूम माणसाला अडकवून ठेवणाऱ्याला असतो : त्याला कोर्टापुढे हजर कर आणि कोणत्या कायद्याने ठेवलंस ते सांग. मराठी संविधानात त्याला ‘देहोपस्थिती’ म्हटलं आहे. आपण मात्र घराचाही ‘ताबा’ म्हणतो आणि माणसाचाही. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

शहरातून खराडीला येताना येरवडा लागतं. आणीबाणीत तिथल्या तुरुंगात ‘मिसा’चे अनेक कैदी होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, आणीबाणी असेपर्यंत अशा कैद्यांना हा अर्ज करता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. बहुमतात आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खाजगीपणाच्या खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवणारं निकालपत्र त्यांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं.

हे झालं सरकारचं. घराचं काय? सज्ञान मुलीनं मनाप्रमाणे लग्न केलं की बाप हाच अर्ज घेऊन कोर्टात जातो, आणि मनात असतं : मुलगी परत द्या. केरळच्या हादियाचं प्रकरण आठवा. ती चोवीस वर्षांची. उच्च न्यायालयानं तिचं लग्न रद्द करून तिला आईवडिलांकडे पाठवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिलाच समोर बोलावून विचारलं. मला स्वातंत्र्य हवं, असं तिनं सांगितलं. ८ मार्च २०१८ रोजी न्यायालय म्हणालं, या अर्जावर लग्न रद्द करता येत नाही. म्हणजे ती बापाच्या ताब्यातून नवऱ्याच्या ताब्यात गेली, असं नव्हे. आपल्या मोहल्ल्यातही, कोणत्याही धर्माच्या घरातही, हे जड जातं, मला माहीत आहे.

आता कामाचं. पोलिसांनी अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. नेलं नाही, कुठे आहे तेही सांगत नाहीत, तर आई, भाऊ, मित्र, कुणीही अर्ज करू शकतो. मॅजिस्ट्रेटनं रीतसर कोठडी दिली असेल, तर मात्र सहसा जामिनाचाच रस्ता. अर्ज पुण्याच्या कोर्टात नव्हे, मुंबईला उच्च न्यायालयात करायचा. नेलं ती तारीख, वेळ आणि ठिकाण त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.