अंगातील ऊब आणि मनातील धास्ती
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, जाम येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांना पाढे शिकविलेला एक मास्तर आहे. तथापि ज्या दुखण्याविषयी आपण उंबरठ्याबाहेर बोलत नाही, त्याविषयी स्वानुभव सांगावा म्हणून उभा आहे. ते दुखणे म्हणजे अकारण वाटणारी धास्ती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी रात्री दचकून जागा होऊ लागलो. छाती धडधडे, हातपाय गार पडत, आता प्राण जातो असे वाटे. तपासणीत हृदय निर्दोष निघाले. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ही चिंतेची व्याधी आहे. औषध घ्या आणि रोज घाम येईतो चाला." लोक वेडा म्हणतील या भयाने ही गोष्ट मी मुलांपासूनही लपविली. अखेर आमच्या मंडळीच पहाटे उठवून म्हणू लागल्या, "अहो, चला, शेताच्या धुऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

चालण्याने मनाचे दुखणे हलके व्हावे याचे मला नवल वाटले, म्हणून मी वाचन केले. व्यायामात स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागाची उष्णता होते. त्यामुळे ३७ अंशांच्या आसपास असणारे शरीराचे तापमान थोडे चढते. ही ऊब रक्तावाटे व मज्जातंतूंवाटे मेंदूस कळते. मेंदूच्या देठात सेरोटोनिन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी आहेत. त्यांतील काही उबेने जागृत होतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मनाचा तोल राखण्यात या द्रव्याचा वाटा आहे. १९९२ साली मेंदूत आणखी एक द्रव्य सापडले. संशोधकांनी त्यास आपल्या संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. व्यायामानंतर रक्तात त्याचेही प्रमाण वाढते. अर्थात ऊब हे अनेक कारणांपैकी एक होय. शास्त्रज्ञांचा शोध अद्याप चालू आहे.

आणखी एक कारण मला धुऱ्यावरच उमगले. भरभर चालताना छाती धडधडत होती, श्वास फुलला होता, पण भय नव्हते. रात्रीची धडधड हीच, केवळ तिचा अर्थ मी निराळा लावीत होतो! शरीराशी अशी ओळख झाली, की धडधडीची धास्ती ओसरू लागते.

व्यायाम आपल्या वऱ्हाड-नागपूर प्रांतास नवा नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. मलखांब, जोर-बैठका, सूर्यनमस्कार हे वैभव आपलेच. मात्र बलासाठी आपण त्यांचा गौरव केला, मनासाठी केला नाही.

दोन सूचना आवश्यक आहेत. व्यायामाची ऊब निराळी आणि वैशाखातील उन्हाची होरपळ निराळी. विदर्भाच्या उन्हाळ्यात पहाटेच चालावे, अन्यथा उष्माघात ठरलेला. दुसरे असे, की व्यायाम हा औषधाचा सोबती आहे, वैरी नव्हे. डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळ्या सोडू नयेत. छातीत दुखत असेल, तर आधी हृदय तपासून घ्यावे.

बंधूंनो, कापसाच्या भावाची, कर्जाची, मुलीच्या लग्नाची काळजी घरोघरी आहे. व्यायामाने भाव वाढत नाही व कर्ज फिटत नाही, हे मी जाणतो. परंतु काळजीने पोखरलेला माणूस गप्प बसतो, आणि पुढे काय घडते ते या जिल्ह्याने पुष्कळ पाहिले आहे. सोयरीक मोडेल म्हणून दुखणे लपवू नका. घरचा माणूस रात्री जागत असेल, तर त्यास उपदेश करू नका. पहाटे त्याच्याबरोबर चाला आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडेही त्याच्या सोबतीने जा. मला हात धरून उठविणारे माणूस मिळाले, म्हणून आज मी आपणांसमोर उभा आहे.