शॉर्ट राउंड कुठे गेला होता?



स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९८४ सालचा चित्रपट. गोष्ट घडते १९३५ च्या हिंदुस्थानात, आणि तो हिंदुस्थान असा, की राजवाड्यातल्या पंगतीत माकडाचा मेंदू वाढतात. आपल्या सरकारने पटकथेवर आक्षेप घेतले, म्हणून ते ‘भारतीय’ खेडं श्रीलंकेत, कँडीच्या परिसरात उभं राहिलं. खलनायक मोलाराम झाले होते अमरीश पुरी. त्यांनी डोक्याचा तुळतुळीत गोटा केला तो याच भूमिकेसाठी.

पण मला आज बोलायचंय ते त्याच चित्रपटातल्या एका पोराविषयी. डोक्यावर बेसबॉलची टोपी, पाय पोचत नाहीत म्हणून बुटांना ठोकळे बांधून शांघायच्या रस्त्यांवरून भरधाव मोटार हाकणारा, आणि वेळ पडली तर हॅरिसन फोर्डलाही दटावणारा शॉर्ट राउंड. हे काम करणाऱ्या मुलाचं नाव की ह्वी क्वान.

त्याचा जन्म १९७१ चा, व्हिएतनाममधल्या सायगावचा. कुटुंब मूळचं चिनी, भावंडं नऊ. १९७८ मध्ये या कुटुंबाने देश सोडला, तोही दोन तुकड्यांत. आई तीन मुलांना घेऊन मलेशियाला गेली. वडील उरलेल्या सहा जणांना घेऊन बोटीने हाँगकाँगला पोचले आणि तिथल्या निर्वासित छावणीत अडकले. पुढल्या वर्षी सगळे अमेरिकेत, लॉस एंजेलिसला एकत्र आले. तिथल्या चायनाटाउनमधल्या शाळेत स्पीलबर्गची माणसं मुलगा शोधत आली, तेव्हा हा गेला होता भावाच्या सोबतीला. भावाची ऑडिशन चालू असताना बाजूला उभा राहून हाच त्याला ‘असं कर, तसं कर’ सांगत होता. शोधणाऱ्यांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी यालाच पुढे बोलावलं. भाऊ राहिला बाजूला! (त्या भावाने पुढे याला कायम धीर दिला, म्हणून हे हसून सांगता येतं.)

दुसऱ्याच वर्षी ‘द गूनीज’ आला. त्यात हा डेटा नावाचा, अंगावर नाना खटपटी यंत्रं बाळगणारा मुलगा झाला. मग दूरदर्शन मालिका झाल्या, १९९२ मध्ये एका चित्रपटात छोटं काम झालं. त्यानंतर फोन वाजायचा थांबला.

आता, बालकलाकार मोठा झाला की असं होतंच, असं आपण सहज म्हणतो. आवाज फुटतो, मिसरूड येतं, गोडवा जातो. पण प्रत्येकाचं तसं होत नाही. मास्टर सचिन १९६२ मध्ये ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये दिसला आणि १९७५ च्या ‘गीत गाता चल’मध्ये नायक झाला. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’तला श्याम, म्हणजे माधव वझे, यांनी वेगळीच वाट धरली. ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक झाले, दिग्दर्शक झाले. पण सचिनला नायक व्हायचं होतं, तेव्हा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या तरुणाच्या गोष्टी आपल्याकडे लिहिल्या जात होत्या. क्वानची अडचण तिथेच होती. विशीतल्या चिनी चेहऱ्याच्या नटासाठी नव्वदच्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये काय होतं? हॉटेलातला वेटर, डबा पोचवणारा पोऱ्या, नाहीतर मोडकं इंग्रजी बोलून हशा मिळवणारा कोणीतरी. त्याने अभिनय सोडला असं म्हणतात. मला विचाराल, तर तिथे सोडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

मग त्याने जे केलं, ते मला पुढे मिळालेल्या ऑस्करहून मोलाचं वाटतं. तो चित्रपट शिकायला पुन्हा विद्यार्थी झाला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून चित्रपटकलेची पदवी घेतली. पोरवयापासून तायक्वांदोची तालीम होतीच, त्या बळावर हाँगकाँगचे नावाजलेले फाइट मास्टर कोरी युएन यांचा सहायक झाला. २००० सालच्या ‘एक्स-मेन’मधल्या मारामाऱ्या बसवणाऱ्यांमध्ये तो होता. पुढे वाँग कार-वाय या थोर दिग्दर्शकाच्या ‘२०४६’ या चित्रपटावर त्याने सहायक म्हणून काम केलं. पडद्यावर यायचं नाही, पण सेट सोडायचा नाही, असा हा काळ. या सगळ्या वर्षांत नाताळ आला की स्पीलबर्गकडून भेटवस्तू यायची, न चुकता. क्वान हे फार कृतज्ञतेने सांगतो. मला मात्र ऐकताना वाटत राहतं, की जगातल्या सर्वांत मोठ्या दिग्दर्शकाची भेट दरवर्षी दारात येत होती, आणि काम काही येत नव्हतं.

२०१८ मध्ये ‘क्रेझी रिच एशियन्स’ हा चित्रपट धो धो चालला. पडद्यावर सगळे आशियाई चेहरे, आणि त्यातला कोणीही वेटर नाही! क्वान तेव्हा पन्नाशीला टेकत होता. तो चित्रपट पाहून त्याने ठरवलं, की पुन्हा उभं राहायचं. पत्नी वर्षानुवर्षं सांगत होतीच, की तुझी वेळ येईल. मधल्या काळात लोकांच्या सोयीसाठी लावलेलं ‘जोनाथन’ हे नाव टाकून त्याने आईबापांनी ठेवलेलं नाव परत घेतलं आणि एक एजंट गाठला.

तिकडे डॅनियल क्वान आणि डॅनियल शायनर्ट हे दिग्दर्शक ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’साठी नट शोधून दमले होते. (या डॅनियल क्वानचं आणि आपल्या क्वानचं नातं काही नाही.) त्यांना इंग्रजी, मँडरिन आणि कँटोनीज तिन्ही येणारा, भाबडा दिसणारा आणि तरीही हाणामारी करू शकणारा मध्यमवयीन नट हवा होता. अशात समाजमाध्यमावर एक थट्टा फिरत होती: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा असलेला अँड्र्यू यँग म्हणजे मोठा झालेला शॉर्ट राउंडच! ती वाचून डॅनियल क्वानच्या मनात आलं, खरंच, तो शॉर्ट राउंड हल्ली असतो कुठे?

असा तो वेमंड वाँग झाला. लॉन्ड्री चालवणारा, बायकोच्या तोंडासमोर काही न बोलणारा, धुण्याच्या पिशव्यांवर खेळण्यातले डोळे चिकटवणारा नवरा. बायको मिशेल यो. प्राप्तिकर खात्याच्या कचेरीत या नवऱ्याच्या अंगात अचानक दुसऱ्याच विश्वातला वेमंड शिरतो आणि कमरेला बांधायची साधी पाऊच गोफणीसारखी फिरवून रखवालदारांना लोळवतो. तो प्रसंग नीट पाहा. पाठ ताठ होते, नजर बदलते, आणि प्रसंग संपला की तेच खांदे पुन्हा पडतात. फाइट मास्टरच्या हाताखाली घालवलेली वर्षं त्या दोन-तीन मिनिटांत वसूल झाली आहेत. आणखी एका विश्वात हाच वेमंड रुबाबदार श्रीमंत माणूस आहे. रात्रीच्या गल्लीत, उंची सुटात उभा राहून तो तिच्याशी, या विश्वात त्याची बायको न झालेल्या बाईशी, हळू आवाजात बोलतो. तो सगळा भाग दिग्दर्शकांनी वाँग कार-वायच्या ढंगात उजळला आहे, आणि तिथे उभा असलेला नट त्याच वाँग कार-वायच्या सेटवर काम करून आलेला! ‘वीस वर्षं वाया गेली’ हे वाक्य त्याच्याबद्दल मला म्हणवत नाही, ते याचमुळे.

एक गंमत सांगायलाच हवी. या चित्रपटाचा करार क्वानच्या वतीने ठरवला जेफ कोहेन या वकिलाने. ‘द गूनीज’मधला गुबगुबीत चंक तो हाच. त्यानेही अभिनय सोडला आणि मनोरंजन व्यवसायातला वकील झाला. म्हणजे निर्माता बोलणी करत होता डेटासाठी, आणि पलीकडे बसला होता चंक.

लगेच सुगी आली असं मात्र झालं नाही. चित्रीकरण २०२० च्या सुरुवातीला झालं आणि महामारी आली. प्रदर्शन दोन वर्षं लांबलं. त्या काळात काम मिळेना, आरोग्य विमाही हातचा गेला, हे त्याने स्वतःच सांगितलंय. १२ मार्च २०२३ ला त्याला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, तेव्हा व्यासपीठावर तो ढसाढसा रडला. चौऱ्याऐंशी वर्षांची आई घरी दूरदर्शन संचासमोर बसली होती. पहिला निरोप तिला दिला. त्या रात्री चित्रपटाने सात ऑस्कर नेली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाव जाहीर करायला आला होता हॅरिसन फोर्ड, आणि क्वानने मंचावर जाऊन त्याला मिठी मारली.

जगभर या गोष्टीचं तात्पर्य सांगितलं गेलं, की धीर धरा, स्वप्न सोडू नका. मला हे थोडं गोडगोड वाटतं. सहायक अभिनेत्याच्या विभागात त्याच्याआधी ऑस्कर मिळवलेला आशियाई नट एकच, कंबोडियाचा हाइंग न्गोर. तोही निर्वासितच, आणि त्याला ते मिळालं १९८५ मध्ये. मधल्या अडतीस वर्षांत आशियाई नटांनी धीर धरला नव्हता का? भूमिका लिहिल्या जाऊ लागल्या, त्या लिहिणारी आशियाई वंशाची पोरं स्वतः दिग्दर्शक झाली, आणि असे चित्रपट चालतात हे तिकीटबारीवर दिसलं, तेव्हा दार उघडलं. क्वानचं श्रेय हे, की दार उघडलं त्या दिवशी त्याच्या हाताला कसब होतं.

२०२५ मध्ये ‘लव्ह हर्ट्स’मध्ये तो नायक झाला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. दिग्दर्शकही मारामाऱ्या बसवणाऱ्यांतूनच आलेला. समीक्षकांनी चित्रपटाची पिसं काढली. मला त्याचं दुःख नाही. गोऱ्या नायकांनी असे शेकडो सुमार चित्रपट केले आहेत आणि त्यांना पुढचा मिळत राहिला. यालाही मिळाला पाहिजे.

जमलं तर दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहा, आधी १९८४ चा, मग २०२२ चा. पहिल्यातला हिंदुस्थान पाहून राग येईल, तो येऊ द्या. त्या पोराला पाहून मात्र कोणालाच राग येणार नाही.