नात्सुमे: नावं परत करणारा मुलगा

आज ‘नात्सुमे युजिंचो’. युकी मिदोरिकावाची मांगा, २००८ पासून अ‍ॅनिमे.

नात्सुमेला योकाई दिसतात, इतर बहुतेकांना नाही. म्हणून लहानपणी तो सगळ्यांच्या लेखी खोटारडा. आईवडील नाहीत, या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे. शेवटी तो गप्प राहायला शिकतो.

आजी रेइकोनं योकाईंना हरवून त्यांची नावं वहीत घेतलेली. नात्सुमे ती एकेक परत करतो. तेव्हा त्यांच्या आठवणी त्याला दिसतात, आणि कळतं, आजीही अशीच एकटी होती.

मला लागतं ते वेगळंच. फुजिवारा काका-काकू त्याला मायेनं घरी आणतात, तरी तो त्यांना हे सांगत नाही. कारण आता गमवायला घर आहे ना!

पहिला सीझन नक्की बघा. भेटूया!