दोन वह्या, एक हिशेब



गावातल्या जुन्या दुकानात तुम्ही दोन वह्या पाहिल्या असतील. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जे घडेल ते, घडेल त्या क्रमाने, रोजकीर्दीत उतरते. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दुकानदार ती वही पुढे घेऊन बसतो आणि तीतली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत चढवतो. चढवलेल्या रकमेपुढे खूण करतो. ही खूण महत्त्वाची, बरे का! ती राहिली तर एकच रक्कम दोनदा चढायची, नाही तर एखादी चढायचीच राहून जायची. मग नुकसान दुकानदाराचे तरी होते, किंवा गिऱ्हाइकाचे तरी.

आज मी बोलणार आहे ते याच कामाविषयी. फक्त वह्या निराळ्या आहेत. पहिली वही खिशात मावणारी, बॅटरीवर चालणारी. तिला आपल्याकडे लोक डिजिटल डायरी म्हणत. दुसरी वही म्हणजे टेबलावरचा संगणक. या दोहोंमध्ये माहिती कशी जाते-येते आणि वाटेत ती कुठे बिघडते, हे आपण पाहू. तुम्ही म्हणाल, त्या डायऱ्या आता कोण वापरतो? खरे आहे. त्यांची जागा मोबाइलने घेतली. पण त्यांनी शिकवलेला धडा जुना झालेला नाही. शिवाय कित्येक घरांत वडिलांची किंवा काकांची अशी एखादी डायरी कपाटात अजून पडून असेल. तिच्याविषयीही शेवटी दोन शब्द सांगेन.

ही यंत्रे आली कशी, ते आधी थोडक्यात सांगतो. १९८४ साली इंग्लंडमधील सायॉन या कंपनीने ‘ऑर्गनायझर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात माहिती साठवायला एक काढघाल करता येणारी छोटी डबी असे. तिची गंमत अशी की, पुसलेली नोंद तिच्यातून खरोखर पुसली जात नसे. ‘ही रद्द’ एवढी खूण तेवढी होई. डबी पुन्हा कोरी करायची तर ती अतिनील किरणांखाली धरावी लागे. पुढे जपानच्या शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांची छोटी यंत्रे जगभर गेली. १९९० नंतर आपल्या शहरांतही ती व्यापाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या खिशात दिसू लागली. नावे, फोन नंबर, भेटीच्या वेळा, चार टिपणे, एवढा त्यांचा संसार. संगणकाला ती जोडायची तर बहुधा तार वेगळी विकत घ्यावी लागे. त्यामुळे पुष्कळांनी ती कधी जोडलीच नाहीत.

हे चित्र पालटले १९९६ साली. अमेरिकेत ‘पायलट’ नावाचे यंत्र निघाले. त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स. यंत्र तयार होण्यापूर्वी या गृहस्थाने लाकडाचा एक ठोकळा यंत्राच्या आकाराचा करून घेतला आणि तो खिशात घालून तो हिंडत असे. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखे करायचे! खिशात काय मावते आणि हाताला काय सोयीचे पडते, हे त्याला अशा रीतीने कळले. पायलटच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात माहितीला जागा होती फक्त १२८ किलोबाइट, म्हणजे सुमारे १ लाख ३१ हजार इंग्रजी अक्षरांची. पण त्याची खरी करामत दुसरीच होती. यंत्रासोबत एक बैठक मिळे. तिची तार संगणकाला जोडलेली असे. यंत्र बैठकीवर ठेवायचे आणि एक बटण दाबायचे. झाले! दोन्ही वह्या एकमेकींशी जुळून येत. खिशातले यंत्र म्हणजे संगणकाचा धाकटा भाऊ, स्वतंत्र संसार नव्हे, हा विचार त्यामागे होता.

आता तारेतून माहिती जाते कशी? शिक्षक मंडळींना हे लगेच पटेल. वर्गात शुद्धलेखन घालताना गुरुजी एका गतीने सांगतात आणि मुले त्याच गतीने लिहितात. गुरुजी भरभर सांगू लागले की मुलांची अक्षरे गळतात. त्या काळच्या तारांचेही तसेच होते. दोन्ही टोकांना एकच गती ठरवावी लागे. ९६०० ही गती ठरवली, तर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जात. एका टोकाला ९६०० आणि दुसऱ्या टोकाला १९२०० ठेवले, तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हे उमटत. ‘यंत्र बिघडले’ म्हणून पुष्कळांनी कपाळाला हात लावला असेल. यंत्र बिघडलेले नसे. सांगणारा आणि लिहिणारा यांचा मेळ बसलेला नसे, इतकेच.

पण गती जुळवणे हे या कामातले सोपे अंग झाले. अवघड अंग पुढेच आहे. माहिती एका वहीतून दुसरीत नुसती उतरवायची असती, तर प्रश्नच नव्हता. पण इथे दोन्ही वह्यांत लिहिणे चालू असते. सकाळी तुम्ही बाजारात डायरीत एकाचा नवा फोन नंबर लिहिलात. त्याच दुपारी ऑफिसात संगणकावर कुणी त्याच माणसाचा पत्ता बदलला. संध्याकाळी दोन्ही वह्या समोरासमोर आल्या. आता खरी कोणती?

पायलटने यावर दुकानदाराचीच युक्ती योजली होती. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक आणि प्रत्येक नोंदीपुढे एक खूण. नोंद बदलली की खूण उभी राही. नोंद पुसली तरी ती लगेच जात नसे. ‘पुसलेली’ अशी खूण घेऊन ती पुढच्या जुळणीपर्यंत थांबे, म्हणजे दुसऱ्या वहीतूनही ती काढायची हे कळावे. जुळणीच्या वेळी यंत्र फक्त खुणा असलेल्या नोंदी पाही, म्हणून काम चटकन होई. मधेच ते दुसऱ्याच एखाद्या संगणकाशी जुळवले गेले असेल, तर मात्र खुणांवर भरवसा नाही. तेव्हा आधीच्या प्रतीशी एकेक नोंद ताडून पाहावी लागे.

आणि एकच नोंद दोन्हीकडे बदललेली असली तर? तर यंत्र निवाडा करीत नसे. दोन्ही नोंदी ठेवी आणि अहवालात लिही की, बाबा, इथे तंटा आहे, तू पाहून घे. एकीकडे पुसली आणि दुसरीकडे बदलली असेल, तर बदललेली ठेवी. मला यातला शहाणपणा फार आवडतो. जिथे खरे काय ते ठाऊक नाही, तिथे काही फेकून देऊ नये, माणसाला विचारावे.

मात्र यंत्राने विचारले आणि माणसाने न वाचता उत्तर दिले, तर काय होते? ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

२००५ सालची गोष्ट. मी अर्थशास्त्राचा व्याख्याता म्हणून तालुक्याच्या गावी नुकताच रुजू झालो होतो. जुने घेतलेले असे एक खिशातले यंत्र माझ्यापाशी होते आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. पहिल्या वर्षाच्या ६२ मुलांची तोंडी परीक्षा दोन दिवस चालली. इतर प्राध्यापक कागदावर गुण लिहीत होते. मी यंत्रात लिहीत होतो. इकडे ऑफिसातले भाऊसाहेब संगणकावरच्या यादीत मुलांच्या नावांच्या चुका दुरुस्त करीत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी यंत्र जोडले. पडद्यावर प्रश्न आला: दोन्ही जुळवायचे, की संगणकावरचे यंत्रावर घालायचे, की यंत्रावरचे संगणकावर? मी मनाशी म्हटले, नावे संगणकावर सुधारली आहेत, तेव्हा संगणकावरचे यंत्रावर येऊ दे. आणि बटण दाबले.

संगणकावरच्या यादीत नावे शुद्ध होती. गुणांच्या जागी काहीच नव्हते. ती रिकामी जागा माझ्या ६२ गुणांवर येऊन बसली.

रात्री आठवून आठवून कागदावर गुण लिहायचा प्रयत्न केला. फार हुशार मुले आठवली. अगदीच गप्प बसलेली दोन-चार आठवली. मधली चाळीसएक मुले काही केल्या आठवेनात. शेवटी प्राचार्यांपाशी चूक कबूल केली आणि सगळ्यांची परीक्षा पुन्हा घेतली. त्यात लांबच्या वाडीवरची एक मुलगी होती. दोन गाड्या बदलून ती कॉलेजात येई. तिच्याबरोबर त्या दिवशी तिचे वडील आले होते, कामाचा खाडा करून. ते मला एक शब्द बोलले नाहीत. मुलगी मात्र दुसऱ्या वेळी पार गोंधळली. पहिल्या वेळी तिला मी किती गुण दिले होते, हे मला आजही ठाऊक नाही. यंत्राने मला विचारले होते. मीच ऐकले नाही.

आता आपल्या भाषेपुरती एक अडचण सांगतो. ही यंत्रे रोमन अक्षरांसाठी घडवलेली होती. आपली मराठी पुष्कळ वर्षे संगणकावर निरनिराळ्या टंकांत लिहिली जाई आणि प्रत्येक टंकाची आतली आकडेमोड निराळी. एका संगणकावर ‘पाटील’ लिहिलेले दुसऱ्यावर नेले की तिथे परक्या चिन्हांची रांगोळी. आता युनिकोड आल्यामुळे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. तेव्हा जुनी यादी नव्या जागी नेताना ती युनिकोडमध्ये आहे ना, हे आधी पाहावे. प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसू लागल्या, तर त्या जागी मूळ अक्षरे उरलेली नसतील. मूळ फाइल जपून ठेवा आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करा.

आकड्यांतही फसगत होते. फोन नंबरामागचे शून्य घ्या. संगणकाच्या तक्त्यात तो नंबर संख्या म्हणून गेला, तर पुढचे शून्य गळते. म्हणून त्या स्तंभाला आधी ‘मजकूर’ ठरवावे. तारखेचेही तसेच. ३/४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण अमेरिकी पद्धतीत ४ मार्च. यादी हलवल्यावर ज्यांची तारीख तुम्हांला पक्की माहीत आहे, अशा पाच नोंदी मुद्दाम ताडून पाहा.

आता ती कपाटातली डायरी. तिच्यात आजोबांनी लिहिलेले काही असेल, तर घाई करू नका. या यंत्रांपैकी पुष्कळांची आठवण बॅटरीच्या जोरावर टिके. पायलटच्या पेन्सिल सेलांपैकी दोन्ही काढून मिनिटभराहून अधिक वेळ गेला की सारे कोरे होई. तुमच्या डायरीत मुख्य आणि राखीव असे दोन सेल असतील, तर दोन्ही एकदम कधीही काढू नका. एक बदला, यंत्र चालू करून पाहा, मग दुसरा. जोडायची तार मिळाली आणि नव्या संगणकाला जुने नऊ पिनांचे तोंड नसेल, तर मधे लावायचा जोड बाजारात मिळतो. आणि तार नाहीच मिळाली, तर हात आहेतच की! एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे आणि लिहिणाऱ्याने परत वाचून दाखवावे. पोथ्या उतरवणाऱ्यांनी शतकानुशतके हेच केले. शंभर नावांना एक दुपार पुरते.

श्रोतेहो, आज मोबाइलमधली माहिती तारेवाचून, आपल्या नकळत दूरच्या संगणकावर जाते. पण आपण वाडीवर असतो, रेंज नसते. आपण मोबाइलमध्ये हजेरी भरतो आणि त्याच वेळी शाळेत दुसरे कुणी तीच यादी संगणकावर दुरुस्त करीत असते. म्हणजे दोन वह्या आजही आहेतच. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, दोन वह्यांपैकी मूळ कोणती, हे काम सुरू करण्यापूर्वी ठरवा आणि बरोबरच्यांनाही सांगा. दुसरी, जुळणी रोजच्या रोज करा. आठ दिवसांचे तंटे एका दिवशी सुटत नाहीत. तिसरी, ‘वर घालू का?’ असा प्रश्न पडद्यावर आला की हात मागे घ्या, प्रश्न दोनदा वाचा आणि आधी एक तिसरी प्रत अलग ठेवा, मग ती कागदावर का असेना.

यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी माणूस असतो. कुणाचे गुण, कुणाचा पत्ता, कुणाची बाकी. यंत्राला ती नुसती ओळ दिसते. तिच्यामागचा माणूस आपल्याला दिसतो, म्हणूनच शेवटचे बटण आपल्या हाती ठेवलेले आहे. ते जपून दाबू या.